दुधाच्या दातांचे कर्ज

मुलाच्या दाढेला कीड लागली की घरोघरी एकच उत्तर ऐकू येते : दुधाची दाढ आहे, आज ना उद्या पडणारच, तिच्यावर पैसे कशाला घालवायचे? वरवर पाहता हा हिशेब चोख वाटतो. जे घर लवकरच पाडावयाचे आहे त्याला कोणी रंग देत नाही. परंतु या हिशेबात एक रक्कम मांडावयाची राहून गेलेली असते. दुधाचा दात पडतो. त्याची कीड मात्र नेहमीच त्याच्याबरोबर जात नाही. ती पुढच्या दाताच्या नावे बाकी टाकून जाते, आणि ही बाकी त्या मुलाला जन्मभर फेडावी लागते.

दुधाचे दात एकंदर वीस. पहिला सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो, अडीच-तीन वर्षांपर्यंत सारे आलेले असतात, आणि शेवटच्या दाढा पडावयास दहावे ते बारावे वर्ष उजाडते. म्हणजे ‘पडणारच’ म्हणून जिची उपेक्षा होते ती दाढ वास्तविक आठ-नऊ वर्षे सेवेत असते. शिवाय दुधाच्या दातावरचे एनॅमलचे कवच पातळ असते. त्यामुळे कीड नसेपर्यंत लवकर पोचते. मूल एकाच बाजूने चावू लागते, रात्री रडत उठते, शाळा बुडवते. अखेरीस दाढ काढून टाकली जाते आणि प्रश्न मिटला असे समजले जाते.

वास्तविक खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. दुधाची दाढ ही खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातासाठी राखून ठेवलेली जागा असते. ती वेळेआधी गेली तर शेजारचे दात त्या जागेकडे कलतात आणि नवा दात वाट मिळेल तसा वाकडातिकडा उगवतो. दाढेच्या मुळाशी पू झाला तर खालच्या कोवळ्या दाताचे कवच घडतानाच सदोष होऊ शकते. त्यातच सहाव्या वर्षाच्या सुमारास कायमची पहिली दाढ दुधाच्या दाढांच्या मागे मुकाट्याने उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नसल्याने अनेक आईबाप तिलाही दुधाचीच समजतात. किडक्या दाढांच्या शेजारी आलेली ही दाढ अशा गैरसमजात लवकरच किडते, आणि ती गेल्यावर दुसरी येणार नसते.

चीनमध्ये १९९२ साली तीन ते पाच वर्षांच्या मुलांचे दात तपासून आठ वर्षांनी त्याच मुलांचे कायमचे दात पुन्हा तपासण्यात आले. ज्यांचे दुधाचे दात किडलेले होते त्यांच्यात कायमचे दात किडण्याचे प्रमाण इतरांच्या अडीच पटींहून अधिक आढळले. यावरून दुधाच्या दातातील कीडच सरळ पुढच्या दातात उतरते असे म्हणणे अर्थातच घाईचे ठरेल. तोंड तेच, जंतू तेच, खाण्याच्या सवयी त्याच. म्हणून परिणामही तोच, हा त्यातील मोठा भाग आहे. पण त्यामुळे निष्कर्ष सौम्य होत नाही. किडलेला दुधाचा दात हा पुढच्या संकटाचा वेळेवर मिळालेला इशारा आहे, आणि तो मिळूनही स्वस्थ बसणे हा निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

दोष एकट्या आईबापांचा?

दात न घासणारे मूल आणि लाड करणारे आईबाप यांना दोष देऊन हा विषय संपविण्याची रीत आहे. परंतु जो रोग घराघरात आहे त्याचे कारण एकेका घरात शोधून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ५१ कोटी मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. भारतात २००२-०३ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षे वयाच्या सुमारे निम्म्या मुलांच्या दातांना कीड आढळली होती. निम्मा वर्ग नापास झाला तर दोष केवळ विद्यार्थ्यांचा नसतो, हे शिक्षकांना निराळे सांगावयास नको.

कीड लागण्याची क्रिया साधी आहे. तोंडातील जंतू साखरेचे आम्ल करतात, आम्ल दाताच्या कवचातील खनिजे विरघळविते, आणि लाळ ती हळूहळू भरून काढते. म्हणून एकूण साखर किती पोटात गेली याइतकेच ती दिवसातून किती वेळा तोंडात आली यालाही महत्त्व आहे. जेवणानंतर खाल्लेला एक लाडू जेवढे नुकसान करीत नाही तेवढे दिवसभर थोडीथोडी चघळलेली गोळी करते. रात्री गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणारे मूल तर सर्वांत धोक्यात, कारण झोपेत लाळ कमी सुटते. आज पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा खेड्यातल्या टपरीवरही मिळतो आणि कामावर जाणाऱ्या आईला मुलाला शांत ठेवण्याचा तोच स्वस्त उपाय वाटतो. तिला उपदेश करणे सोपे आहे; दंतवैद्यापर्यंत पोचणे तिला सोपे नाही. दाढ वाचवावयाची तर दोन-तीन फेऱ्या आणि तितक्याच रोजांची मजुरी बुडणार. दाढ काढावयाची तर एकच फेरी. ती दाढ काढून घेते. तिच्या परिस्थितीत हा निर्णय मूर्खपणाचा नाही. मूर्खपणाची आहे ती व्यवस्था, जी तिच्यापुढे हेच दोन पर्याय ठेवते.

अंगणवाडीतील पाच मिनिटे

या बाबतीत स्कॉटलंडचा अनुभव विचारात घेण्याजोगा आहे. तेथे २००३ साली शाळेत दाखल होणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून कमी मुले कीडमुक्त होती. ‘चाइल्डस्माइल’ या सरकारी योजनेत बालवाड्यांतून रोज शिक्षिकांच्या देखरेखीखाली फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासण्याचा परिपाठ पडला. २०२० च्या पाहणीत हे प्रमाण तीन चतुर्थांशांच्या जवळ गेले. हिशेबही मांडला गेला : २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार आठव्या वर्षी, दातांवरील उपचारांत वाचलेला पैसा हा दात घासण्याच्या उपक्रमावरील खर्चाच्या अडीच पटींहून अधिक होता.

स्कॉटलंड श्रीमंत देश आहे, हे खरे. पण या योजनेत महाग असे काही नव्हते. ब्रश, पेस्ट, बेसिन आणि लक्ष ठेवणारी एक व्यक्ती. महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. ज्या योजनेतून त्या उभ्या राहिल्या ती १९७५ साली सुरू झाली. म्हणजे सांगाडा पन्नास वर्षांचा तयार आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या दातांची तपासणीही अंतर्भूत आहे. परंतु तपासणीनंतर हाती पडणारी चिठ्ठी म्हणजे उपचार नव्हे. किडलेल्या दातावर थेंबभर लावून कीड थांबविणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे स्वस्त औषध जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले. त्याने किडलेला भाग काळा पडतो हे खरे; पण ते लावण्यास दात कोरावा लागत नाही. असे औषध गावात येणाऱ्या तपासणी पथकाबरोबरच आले, तर मजुरी बुडण्याचा प्रश्नच पुष्कळसा उरत नाही.

या सूचनेवर दोन आक्षेप येतील. पहिला असा की अंगणवाडी सेविकांवर आधीच कामाचा बोजा आहे. तो आक्षेप रास्त आहे. म्हणूनच हे काम फुकटात न लादता त्यासाठी जादा मानधन दिले पाहिजे. दुसरा आक्षेप फ्लोराइडचा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावांच्या विहिरींत व बोअरच्या पाण्यात ते मुळातच जास्त आहे आणि त्याचे दुष्परिणाम तेथील लोक भोगीत आहेत. अशा गावांत आधी शुद्ध पाणी आणि मग वैद्यकीय सल्ल्याने पेस्ट, हाच क्रम योग्य. इतरत्र तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, व ती थुंकावयाची असते.

राहिला करांचा प्रश्न. २२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्ट व ब्रश यांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे योग्यच झाले. पण त्याच दिवशी बिस्किटे आणि चॉकलेटेही त्याच ५ टक्क्यांच्या पंगतीत येऊन बसली. फसफसणाऱ्या गोड पेयांवर ४० टक्के कर आहे. परंतु साखर किती यावर तो अवलंबून नसल्याने ती कमी करण्याचे कारण उत्पादकाला उरत नाही. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून पेयातील साखरेच्या प्रमाणावर कर बसविला आणि तेथील कंपन्यांनी आपली कृती बदलली. साखर कारखान्यांच्या आधारावर ज्या राज्याचे राजकारण उभे आहे तेथे हा विषय कोणी सहजी काढणार नाही. म्हणूनच तो काढला पाहिजे.

सरकारी अंदाजपत्रकात पडणाऱ्या दातांसाठी वेगळा रकाना नाही, आणि कोणत्याही मंत्र्याला त्यांचे उद्घाटन करता येत नाही. पण सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात जी दाढ आज उगवते आहे ती त्याला साठाव्या वर्षापर्यंत भाकरी चावून देणार आहे. तिच्या शेजारची कीड आज काही रुपयांत थांबते. उद्या तीच काही हजारांत जाते, आणि ज्याच्याजवळ ते हजार नसतात त्याचा दात जातो. तेव्हा दुधाच्या दातांवर खर्च करणे आपल्याला परवडते का, असा प्रश्नच नाही. तो न करणे आजवर आपण कोणाच्या जिवावर परवडून घेतले, हा प्रश्न आहे.