एडब्ल्यूएस ठप्प का झालं होतं? दोन प्रोग्राम, एक नोंद आणि न लावलेली कडी

२० ऑक्टोबर २०२५. भारतात दुपारचे सव्वाबारा वाजून गेले आणि स्नॅपचॅट, सिग्नल, कॅनव्हा, फोर्टनाइट अशी एकामागोमाग एक ॲप्स अडखळायला लागली. हा सायबर हल्ला नव्हता. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेत, म्हणजे एडब्ल्यूएसमध्ये, दोन प्रोग्राम एकाच नोंदीवर एकाच वेळी काम करत होते.

नेमकं काय घडलं?

डीएनएस ही इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी. कोणत्या सर्व्हरकडे जायचं, हे ती सांगते. एडब्ल्यूएसच्या उत्तर व्हर्जिनियातल्या डायनॅमोडीबी या डेटाबेसचे पत्ते सतत बदलतात. एक प्रोग्राम पत्त्यांची नवी यादी बनवतो आणि तीन वेगळ्या ठिकाणी चालणारे प्रोग्राम ती लागू करतात. एक बंद पडला तर दुसरा असावा, म्हणून तीन.

त्या दिवशी त्यातला एक रेंगाळला. आपली यादी सर्वांत नवी आहे, हे त्यानं सुरुवातीला तपासलं होतं. पण त्याचं काम पूर्ण होण्याआधी दुसऱ्यानं आणखी नवी यादी लावली. मग रेंगाळलेल्यानं तिच्यावर आपली जुनी यादी चढवली. त्याच सुमारास दुसऱ्यानं जुन्या याद्यांची साफसफाई सुरू केली आणि नेमकी तीच यादी पुसली. नोंद रिकामी झाली.

यंत्रणेला ती आपोआप दुरुस्त करता आली नाही, इंजिनिअरना हस्तक्षेप करावा लागला. डेटाबेस अडीच तासांहून थोड्या जास्त वेळात सावरला. पण त्यावर अवलंबून असलेल्या सेवा पूर्वपदावर यायला भारतात २१ तारखेची पहाट उजाडली.

मग चूक कुठे झाली?

याला 'रेस कंडिशन' म्हणतात. सार्वजनिक स्वच्छतागृहाचं दार ठोठावून आत कुणी नाही याची खात्री केली, पण आत गेल्यावर कडी लावली नाही, तर त्या खात्रीला अर्थ उरत नाही. तपासणं आणि काम करणं यांच्यामध्ये वेळ गेला की परिस्थिती बदललेली असू शकते.

कडी कशी लावतात?

समजा, एका सर्व्हरवर दर पाच मिनिटांनी बॅकअपची कमांड चालते. एखाद्या दिवशी बॅकअपला आठ मिनिटं लागली, तर पहिली संपायच्या आत दुसरी सुरू होते आणि दोघी एकाच फाइलवर लिहितात.

यावर अनेक जण एक जुगाड करतात: ठरावीक नावाची फाइल नसेल तर ती तयार करायची आणि काम सुरू करायचं. पण दोन कमांडनी एकाच क्षणी पाहिलं, तर दोघींनाही फाइल दिसत नाही. म्हणजे पुन्हा तीच चूक. शिवाय कमांड मध्येच बंद पडली तर फाइल तशीच राहते आणि पुढचं काम अडतं.

लिनक्समध्ये त्यासाठी 'एफलॉक' आहे. तपासणं आणि कुलूप लावणं ही एकच कृती असते आणि ती ऑपरेटिंग सिस्टिम करते. कुलूप एकालाच मिळतं. दुसऱ्यानं थांबायचं की परत फिरायचं, हे ठरवता येतं. प्रोग्राम बंद पडला की कुलूपही सुटतं. अट एकच: सगळ्या कमांडनी हे कुलूप पाळायला हवं. न विचारता फाइलवर लिहिणाऱ्याला ते अडवत नाही.

यानं एडब्ल्यूएस वाचलं असतं का?

एवढ्यानं नाही. असं कुलूप एका मशीनपुरतं ठीक, तिथे तीन प्रोग्राम तीन ठिकाणी होते. आणि कुलूप घेतलेलाच रेंगाळला, तर बाकीचे ताटकळतात. अशा वेळी प्रत्यक्ष लिहिण्याच्या क्षणीच 'ही यादी आधीच्यापेक्षा नवी आहे का?' हे पाहून जुनी नाकारावी लागते.

एडब्ल्यूएसनं ही स्वयंचलित यंत्रणा जगभर थांबवली आणि रेस कंडिशन दुरुस्त करूनच ती पुन्हा सुरू करू, असं जाहीर केलं. एक बंद पडला तरी काम चालावं म्हणून तीन प्रोग्राम नेमले होते. पण तिघांनी एकमेकांशी ताळमेळ कसा ठेवायचा, याची सोय अपुरी होती.