मांजर उपाशी ठेवून उंदीर कमी होत नाहीत

सोयाबीनची पोती घरात आली आणि त्यांच्या मागं उंदीरबी आले. म्हणून आज पिकाचं सोडून मांजराचं लिहितो. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

आपल्याकडं पक्का समज आहे, मांजराला खाऊ घातलं की ते आळशी होतं. मीपण तेच मानायचो. आमची आधीची मांजरी कायम अर्धपोटी. ती शेजाऱ्याच्या दुधात तोंड घालायची आणि बोलणी आम्ही खायचो. उंदीर होते तेवढेच. शेवटी मी माळ्यावर ब्रोमॅडिओलोनच्या वड्या टाकल्या. या औषधानं रक्त गोठत नाही. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्तावून फिरतो. असला उंदीर भुकेल्या मांजरीला आयताच. आठवड्यात ती गव्हाणीत बसून राहिली, हिरड्या पांढऱ्याफटक, नाकातून रक्त. डॉक्टर म्हणाले, लवकर आणली असती तर व्हिटॅमिन के देऊन बघता आलं असतं. चूक दुसऱ्या कुणाची नाही, माझीच.

आता दुसरी आहे. हिला रोज दोन वेळा पोटभर खायला. नुसत्या दूधभातावर मांजर धरत नाही, त्याला मांस-मासळी लागतेच. मोठ्या मांजराला दूध बऱ्याचदा पचतबी नाही, हगवण लागते. आम्ही सुकट किंवा मासळीची मुंडकी शिजवून देतो, कांदा-लसूण न घालता, कारण ते मांजराला विषच. आणि पाण्याची वाटी कायम भरलेली. पोट भरलं तरी ही उंदीर धरतेच. शिकार भुकेपायी नसते, ती तिच्या अंगातच आहे.

मांजर शिकत नाही म्हणतात, तेबी खोटं. दिवस मावळताना वाटी वाजवायची आणि आली की लगेच घास द्यायचा. आठ-पंधरा दिवसांत वाटीच्या आवाजाला धावत यायला लागली. आता रात्री घरातच असते, कुत्री आणि रस्ता दोन्हींतून वाचली. नखं गादीवर घासायची, म्हणून खांबाला बारदान गुंडाळून सुतळीनं आवळलं. तिथं घासलं की शाबासकी. नातू संध्याकाळी सुतळीला कापसाचं बोंड बांधून खेळवतो, तेवढं झालं की रात्री भांडी पाडत नाही. मारायचं मात्र नाही. मारलं तर ती चूक विसरते, मारणारा हात विसरत नाही.

खोंड औताला शिकवताना आपण महिना-महिना धीर धरतो. मांजराला एक दिवस देत नाही आणि वर म्हणतो, हे जनावरच बेईमान.

आता खरं सांगतो, एकट्या मांजरावर कोठार राखलं जात नाही. मोठ्या घुशीच्या नादाला ती लागत नाही. पोती फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा, बिळं बुजवा, पिंजरा लावा. पण घरात मांजर असेल तर विषाची वडी टाकू नका. रेबीजची लस द्या, जमलं तर ऑपरेशन करून घ्या, नाहीतर दर खेपेची पिल्लं कुणीतरी पोत्यात घालून ओढ्याला सोडतंच.

जी आपलं धान्य राखते, तिला दोन घास आणि थोडा वेळ द्यायला काय जातं? पटलं तर घ्या. तुमच्याकडं काय करता, तेबी सांगा.