सौंदर्याचे निकष आणि कादंबरीचा रूपबंध

कथात्म साहित्यातील सौंदर्यविषयक संकेतांची चिकित्सा हा आपल्याकडे प्रबंधिकांचा आवडता विषय झाला आहे. अशा लेखनात बहुधा पात्रवर्णनांचे उतारे एकत्र केले जातात आणि लेखिकेने रूढ निकषांना विरोध केला आहे, असा निष्कर्ष काढला जातो. हा विरोध कादंबरीच्या रूपबंधात नेमका कोठे घडतो, हे मात्र अनुत्तरितच राहते. टोनी मॉरिसन यांच्या ‘द ब्लुएस्ट आय’ (१९७०) या पहिल्या कादंबरीच्या आधारे हा प्रश्न तपासता येईल.

अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या लोरेन गावी, १९४०-४१ च्या सुमारास, पिकोला ब्रीडलव्ह ही कृष्णवर्णीय मुलगी निळ्या डोळ्यांची आस धरून बसते. कादंबरीचा आरंभ मात्र तिच्यापासून होत नाही. तो होतो ‘डिक आणि जेन’ छापाच्या शालेय वाचनपाठाने : सुंदर घर, आनंदी आईवडील, मांजर, कुत्रा. हा परिच्छेद लागोपाठ तीनदा येतो. प्रथम विरामचिन्हांसह, नंतर विरामचिन्हे आणि मोठी अक्षरे गाळून, शेवटी शब्दांमधील जागाही पुसून. पुढे याच चिकटलेल्या ओळींचे तुकडे ब्रीडलव्ह कुटुंबाच्या प्रकरणांवर शीर्षकासारखे येतात. घराविषयीच्या ओळीखाली त्यांचे एका ओसाड दुकानातील बिऱ्हाड असते. निकष अक्षरओळखीबरोबरच शिकवला जातो आणि मग श्वासालाही जागा ठेवत नाही, हे येथे कोणी सांगत नाही. ते पानावर दिसते. (जाता जाता : देवनागरीत मोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे अनुवादात दुसरी पायरी अर्धीच उतरेल, पण जागा पुसल्यावर सलग होणारी शिरोरेषा तिसरी पायरी कदाचित अधिक गुदमरवणारी करील.)

दुसरे तंत्र निवेदनाचे आहे. ब्रीडलव्ह कुटुंबीयांचे चेहरे निवेदन बारकाईने न्याहाळते आणि कुरूपतेचे मूळ तेथे सापडत नाही, असे नोंदवते. ते मूळ त्यांच्या खात्रीत असते, आणि ती खात्री भोवतालच्या चित्रांनी व नजरांनी पुरवलेली असते. पिकोलाचा चेहरा मुळात सुंदरच होता, असे सिद्ध करण्याचा मोह मॉरिसन टाळतात. प्रस्तुत लेखकाच्या मते कादंबरीचे खरे बळ येथे आहे. ‘रंगाने सावळी, पण नाकीडोळी नीटस’ ही आपल्या कथेतील परिचित वर्णनरीती आठवावी. लेखक नायिकेची बाजू घेत असतो. परंतु त्या ‘पण’ने गोरेपणाचा निकष मान्यच केलेला असतो. ‘मनाने सुंदर’ नायिकेची कथाही याहून फार पुढे जात नाही.

निवेदिका क्लॉडिया हीदेखील या निकषांबाहेर नाही. भेट मिळालेल्या निळ्या डोळ्यांच्या बाहुलीत लोकांना इतके प्रिय काय वाटते, हे शोधण्यासाठी ती बाहुलीची मोडतोड करते. पुढे मात्र शर्ली टेंपलवर प्रेम करायला शिकते, आणि हे ती स्वतःच सांगते. न्याय देणारा आवाजच असा गुंतलेला असल्याने वाचकाला सुरक्षित अंतर उरत नाही.

मॉरिसन स्वतः या रचनेविषयी समाधानी नव्हत्या. १९९३ च्या मनोगतात त्यांनी म्हटले, की अनेक वाचक हेलावतात, पण आतून हलत नाहीत. हा दोष मला रचनेपेक्षा वाचनाच्या सवयीचा वाटतो. पदव्युत्तर वर्गात पिकोलाविषयी हळहळ लगेच उमटते. त्याच तासाला फळ्यावर ‘सावळी, पण’ एवढेच लिहिले, की वर्ग गप्प होतो.