सफरचंदाचा वास, संत्र्याचा हंगाम

हंगामात अमरावती रोडने कोंढाळीकडून संत्र्याचे ट्रक येतात आणि वाडीची गोदामे मागे टाकून कळमन्याच्या बाजाराकडे निघून जातात. संत्री कोणत्या भागातली, भाव काय निघाला, हे आपण आवर्जून विचारतो. ती तोडणारे हात कोठून आले, हे विचारायचे राहून जाते. हाच प्रश्न ज्यांच्या लेखनाचा प्राण आहे, असे लेखक फिलिपाइन्सने दिले.

तो देश अमेरिकेच्या ताब्यात असताना तिथले हजारो तरुण हवाईच्या ऊसमळ्यांत आणि कॅलिफोर्नियाच्या शेतांत मजुरीला गेले. १९३४ च्या कायद्याने वर्षाला अवघ्या ५० जणांचा कोटा उरला. गेलेल्यांपैकी कित्येक तिकडेच म्हातारे झाले. कार्लोस बुलोसान त्यांच्यातच राबला आणि त्यांच्याविषयी लिहीत राहिला. बियेनवेनिदो सांतोस यांच्या 'सेंट ऑफ अ‍ॅपल्स' या कथेतला फाबिया नावाचा शेतकरी मायदेशातल्या वक्त्याचे भाषण ऐकायला तीस मैलांवरून येतो. आपल्याकडच्या बायका वीस वर्षांपूर्वी होत्या तशाच आहेत का, एवढेच त्याला विचारायचे असते. त्याच्या घरी सफरचंदांचा वास भरून राहिलेला आहे, आणि एका अनोळखी फिलिपिनो बाईचे पुसट झालेले चित्रही आहे. गावी निरोप देऊ का, असे पाहुणा विचारतो. आता तिथे आपल्याला ओळखणारे कोणी उरले नाही, असे त्याचे उत्तर.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. १८३४ पासून मॉरिशसच्या ऊसमळ्यांसाठी करारावर नेलेल्या लाखो हिंदी मजुरांत कोकणातली मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांनी गणेशोत्सव आजवर जपला आहे. त्या मळ्यांवरच्या हालांची कादंबरी मॉरिशसच्याच अभिमन्यू अनत यांनी लिहिली. पण ती 'लाल पसीना' (१९७७) हिंदीत आहे. आपल्या वाचनात परदेश येतो तो बहुधा ग्रीन कार्ड, बर्फ आणि मुलांचे बिघडत चाललेले मराठी घेऊन.

शिवाय परमुलुख गाठायला पासपोर्टच लागतो असे नाही. मेळघाटातला कोरकू मजूर सोयाबीन सोंगायला, हरभरा काढायला खाली उतरतो. घरात त्याची भाषा एक, शेतमालकाची दुसरी. होळीला मात्र तो काहीही करून गावी परततो. बीडकडची जोडपी मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांकडे निघतात. नवराबायकोच्या त्या जोडीला तिथे नावही नसते. तिला 'एक कोयता' म्हणतात. सोबतच्या पोराची शाळा सुटते ती बहुधा याच वाटेवर.

अण्णा भाऊ साठे, बाबूराव बागूल, भास्कर चंदनशिव यांनी राबणाऱ्या माणसाला मराठी कथेत मानाने आणले, हे खरे. पण दरवर्षी घर मोडून निघणाऱ्याचे जगणे अजून पुरते सांगून झालेले नाही. ते बाहेरून पाहून सांगताही येणार नाही. पाचटाच्या खोपीत वाढलेली काही मुले-मुली आज महाविद्यालयांत आहेत. त्यांच्या हाती लेखणी आहे. नियतकालिकांनी त्यांच्यासाठी पाने राखावीत, शिक्षकांनी त्यांना लिहिते करावे आणि वाचकांनी त्या बोलीला नाक मुरडू नये.

कोणी किती उचल घेतली, हे मुकादमाच्या वहीत नीट लिहिलेले असते. तो माणूस कोण होता, हे साहित्यानेच लिहायचे आहे.