आधी कारण शोधा, मग पाना उचला

जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल या केळीच्या तालुक्यांत वेफर्स तळण्याचे काम कढईवरून विजेच्या फ्रायरवर येऊ लागले आहे. २०२० साली केंद्र सरकारने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना आखली आणि अशा यंत्रांस अनुदानाची वाट मोकळी झाली. हे उत्तमच झाले. परंतु यंत्र बिघडल्यास काय करावे, याचे शिक्षण मात्र यंत्राबरोबर आलेले नाही. ही उणीव जिवावर बेतणारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एका गावी महिला बचत गटाचा फ्रायर ऐन हंगामात वारंवार बंद पडत असे. बोलावलेल्या कारागिराने दोन तारा परस्पर जोडल्या व यंत्र सुरू झाले. वास्तविक त्याने तेल अतितप्त होताच वीज तोडणारी सुरक्षा-कळच वगळली होती. दुसऱ्या दिवशी तेलातून दाट धूर निघू लागला. एका भगिनीने तत्परतेने मेन स्विच बंद केला, म्हणून अनर्थ टळला. मूळ दोष क्षुल्लक होता. थर्मोस्टॅटच्या तेलात बुडालेल्या नळीवर जळक्या चुऱ्याचा थर बसल्यामुळे तिला उष्णता उशिरा कळत होती. ती साफ करणे एवढेच काम होते.

म्हणून दोष शोधण्याचा क्रम प्रत्येक गटास ठाऊक असावा. तेल उशिरा तापत असेल, तर प्रथम व्होल्टेज पाहावे. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० व्होल्टऐवजी १९० मिळाल्यास ६ किलोवॅटचा हीटर जेमतेम ४ किलोवॅटचे काम करतो. अशा वेळी यंत्रास दोष देणे व्यर्थ होय. यंत्र थ्री-फेज असेल, तर एखादा फेज गेला आहे काय, हेही पाहावे. स्विच लावताच गळतीरोधक ब्रेकर पडत असेल, तर हीटरमध्ये ओल शिरली असावी किंवा त्याचे आवरण फुटले असावे. ब्रेकर काढून टाकणे हा त्यावर उपाय नव्हे. हीटर वरचेवर जळत असेल, तर तेलाची पातळी त्याच्या खाली जाते काय, ते तपासावे.

सफाई व निरीक्षण गटाने करावे. तेही मेन स्विच बंद करून व तेल थंड झाल्यावर. पॅनेल मात्र परवानाधारक वायरमननेच उघडावे. पेटत्या तेलावर पाणी कदापि टाकू नये. वीज तोडून घट्ट झाकण घालावे.

खेड्यातील भगिनींना हे तांत्रिक ज्ञान झेपणार नाही, असे काहीजण म्हणतात. मला ते मान्य नाही. विहिरीवरची मोटार गुरगुरू लागली की फेज गेला, हे आमच्या शेतकऱ्यास कोणत्या शाळेने शिकविले? नित्याच्या वापरातून आलेले ते शहाणपण आहे. फ्रायरच्या बाबतीत मात्र अनुभवाने शिकण्याची वाट पाहणे परवडणारे नाही; तेथे पहिलीच चूक शेवटची ठरू शकते.

ग्रामसेवक बंधूंना माझी आग्रहाची विनंती आहे की, प्रत्येक प्रशिक्षणात अर्धा दिवस या विषयास द्यावा आणि यंत्राशेजारी एक नोंदवही टांगून घ्यावी. कोणता दोष केव्हा आला व कशाने गेला, हे तीत लिहिले जावे. यंत्र सुरू होणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. कारण सापडणे म्हणजे दुरुस्ती.