‘सिस्ट’ म्हटलं की सुटलो?

समजा, तुम्ही अंधेरीत ऑफिसला आणि घरचे डहाणूला किंवा तलासरीला. दुपारी व्हॉट्सॲपवर काकांच्या रिपोर्टचा फोटो येतो. ‘मेंदूत सिस्टिक लेजन.’ झालं, फॅमिली ग्रुपमध्ये लगेच दोन पार्ट्या! एक म्हणते, ‘ब्रेन ट्यूमर, संपलं सगळं.’ दुसरी म्हणते, ‘छे, नुसती पाण्याची गाठ. नो टेन्शन.’ बॉस, दोघांचीही घाई होतेय.

सिस्ट म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी. ॲरॅक्नॉइड सिस्ट बऱ्याचदा जन्मापासून असते आणि आयुष्यभर काही त्रास देत नाही. पण काही ट्यूमरमध्येही अशी पिशवी असते. लहान मुलांमधला पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा घ्या : मोठी पिशवी आणि भिंतीला चिकटलेली घट्ट गाठ. फोटोत भयंकर दिसतो, पण वाढतो हळू. ऑपरेशनने पूर्ण निघाला तर बहुतेक मुलं बरी होतात. उलट ग्लिओब्लास्टोमा हा जहाल कॅन्सर. त्याचा आतला भाग मरून पोकळ होतो आणि तोही सिस्टसारखा दिसू शकतो!

म्हणून डॉक्टर पाण्यापेक्षा पिशवीची भिंत आणि घट्ट भाग बघतात. त्यासाठी कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय. आत पू असल्याची शंका आली तर डिफ्यूजन एमआरआय. तरीही नक्की कळलं नाही, तर बायोप्सी.

हे सगळं फार जुनं नाही हं. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात पेशंटचा पहिला सीटी स्कॅन झाला. त्या बाईंच्या मेंदूत दिसली ती सिस्ट असलेली गाठच. यंत्र बनवणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफील्डना १९७९ मध्ये नोबेल मिळालं, ॲलन कॉर्मॅक यांच्यासोबत.

आपल्याकडे मात्र तिसरा संशयितही असतो : न्यूरोसिस्टिसर्कोसिस. डुकराच्या मांसातून पसरणाऱ्या टेपवर्मची अंडी दूषित पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात आणि अळ्या मेंदूत पोचून सिस्ट करतात. म्हणजे पक्का शाकाहारीही सुटत नाही. पहिलं लक्षण बऱ्याचदा फिट. क्षयाची गाठही स्कॅनवर अशीच फसवते. दोन्हींवर औषधं आहेत, पण डॉक्टरांनी नक्की केल्याशिवाय कुठलीच गोळी सुरू करायची नाही.

आता प्रॅक्टिकल गोष्ट. डहाणू रोड ते चर्चगेट सुमारे १२४ किलोमीटर. तलासरीहून तर कुणी मुंबई धरतं, कुणी वापी-वलसाड. प्रत्येक दवाखान्यात नव्याने सुरुवात नको. स्कॅनची सीडी आणि जुन्या फिल्म सोबत न्या. नवा डॉक्टर आधीचं-आत्ताचं ताडून बघेल. आणि तीन प्रश्न विचारा : घट्ट भाग आहे का? कॉन्ट्रास्टने उजळतो का? पुढचा स्कॅन कधी?

डोकेदुखी दिवसेंदिवस वाढतेय, सकाळी उलटी होतेय, दिसायला डबल लागलंय किंवा मोठेपणी पहिल्यांदाच फिट आलीय, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून आठवडे घालवू नका. फिट आलेल्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवणं तर विसराच (अंधेरीच्या ऑफिसातही हे चालतं!). पाच मिनिटांत थांबली नाही, तर थेट १०८.