'बजेटच्या मानाने चांगला आहे': छोट्या सायफाय पिक्चरला आपण ग्रेस मार्क देतोय का?

आपल्याकडे सायफाय पिक्चर येणार म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, बजेट किती? २०२४ मध्ये 'कल्की २८९८ एडी' आला तेव्हा ६०० कोटींच्या बातम्या आधी आल्या, गोष्ट काय आहे ते नंतर कळलं. बजेट मोठं असेल तर आपण म्हणतो, "एवढे पैसे गेले कुठे?" आणि बजेट लहान असेल तर, "एवढ्याशा पैशात केलंय, मानलं पाहिजे."

दोन्ही वाक्यं पैशाबद्दल आहेत. पिक्चर राहिला बाजूला.

हा घोळ समजून घ्यायला आरती कडव यांच्या 'कार्गो'चं उदाहरण एकदम फिट बसतं.

'कार्गो' नेमका काय होता?

गोष्ट अशी की माणसं आणि राक्षस यांच्यात तह झालाय. मेलेल्या माणसांना पुढच्या जन्मासाठी तयार करायचं काम राक्षसांकडे आहे आणि ते चालतं अंतराळयानात. यानाचं नाव पुष्पक ६३४ ए. तिथे एकट्याने नोकरी करणारा प्रहस्थ म्हणजे विक्रांत मॅसी आणि त्याची नवी असिस्टंट युविष्का म्हणजे श्वेता त्रिपाठी. मेलेला माणूस आला की त्याचं सामान काढून घ्यायचं, आठवणी पुसायच्या आणि पुढे पाठवायचं. या माणसांनाच 'कार्गो' म्हणतात. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'मधले आपले नंदू माधवसुद्धा यात आहेत.

पिक्चर २०१९ च्या मामि फेस्टिव्हलमध्ये दाखवला गेला. २०२० मध्ये अमेरिकेतल्या साउथ बाय साउथवेस्टमध्ये निवड झाली, पण कोरोनामुळे तो फेस्टिव्हलच रद्द झाला. शेवटी ९ सप्टेंबर २०२० ला थेट नेटफ्लिक्सवर आला.

मग समीक्षक काय म्हणाले?

साधारण दोन गट पडले. पहिल्या गटाला कल्पना आवडली. रामायणातली नावं घेऊन अंतराळाची गोष्ट सांगणं आणि मृत्यूचं खातं एखाद्या सरकारी ऑफिससारखं कंटाळवाणं दाखवणं, हे हॉलिवूडची उसनवारी न करता जमलं होतं. यानातली जुनाट बटणं आणि डबडा टीव्हीसुद्धा त्या ऑफिसात शोभून दिसतात. म्हणजे पैसे कमी होते ही अडचण गोष्टीच्याच कामाला आली.

दुसऱ्या गटाची तक्रार होती वेगाची. एकामागून एक मेलेली माणसं येतात आणि जातात, पण त्यातल्या फार थोड्यांशी आपण जोडले जातो. मृत्यूवरचा पिक्चर असून शेवटी जेवढं आत लागायला हवं तेवढं लागत नाही.

आता गंमत बघा. ही तक्रार बजेटची नाहीच, लेखनाची आहे. माणूस मनात बसवायला व्हीएफएक्स लागत नाही. जपानी दिग्दर्शक कोरे-एदा यांच्या १९९८ च्या 'आफ्टर लाइफ'मध्येही मेलेली माणसं एका साध्या ऑफिसात येतात, टेबलासमोर बसून आयुष्यातली एक आठवण निवडतात. यान नाही, मशीन नाही, तरी पिक्चर डोक्यातून जात नाही.

म्हणून "कमी पैशात केलाय, सांभाळून घ्या" असं म्हणताना आपण दिग्दर्शकावर उपकार करत नाही. त्याला कुठे कमी पडलं तेच आपण सांगत नाही.

बाहेर काय होतं?

२००४ चा अमेरिकन 'प्रायमर' घ्या. इंजिनिअर राहिलेल्या शेन कॅरुथ यांनी फक्त ७ हजार डॉलरमध्ये, म्हणजे तेव्हाचे साधारण ३ लाख रुपये, टाइम ट्रॅव्हलचा पिक्चर बनवला. त्याला सनडान्सचं ग्रँड ज्युरी प्राइझ मिळालं. बजेटचं कौतुक तिथेही झालंच, पण खरा वाद रंगला गोष्टीवर. काहींना तो डोक्याला खाद्य वाटला, काहींना अगम्य. लोक टाइमलाइनचे तक्ते काढत बसले. २० वर्षांनंतरही पिक्चर चर्चेत आहे तो त्या भांडणामुळे.

याचा आपल्याला काय फरक पडतो?

थिएटरमध्ये पिक्चर लागला की रिव्ह्यू काहीही असो, तिकीटबारी दुसरं मत देते. थेट ओटीटीवर आलेल्या पिक्चरला ती सोय नाही. नेटफ्लिक्स दर आठवड्याला किती तास काय पाहिलं गेलं हे जाहीर करायला लागलं नोव्हेंबर २०२१ मध्ये. 'कार्गो' त्याच्या वर्षभर आधी आलेला. अशा वेळी बाहेरच्या माणसासाठी रिव्ह्यू आणि आपल्या पोस्ट हेच प्रगतिपुस्तक उरतं. पुढचा निर्माता तेच वाचणार. त्यात फक्त "धाडसी प्रयत्न" लिहिलेलं असेल तर त्याला एवढंच कळतं की प्रयत्न झाला. लोकांना नेमकं काय आवडलं आणि पुढच्या वेळी पैसे कशावर लावायचे, हे कळतच नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी "बजेटच्या मानाने चांगला आहे" असं स्टेटसला टाकायच्या आधी एक करा. "बजेटच्या मानाने" हे दोन शब्द खोडून वाक्य परत वाचा. पटलं तर बिनधास्त टाका. नाही पटलं, तर काय खटकलं ते लिहा. छोट्या पिक्चरला ग्रेस मार्कांपेक्षा नीट तपासलेला पेपर जास्त उपयोगी पडतो.